जपानमधल्या अमेरिकन मॉर्मन मिशनरीचा दिवस: कथेसाठी बारकावे हवेत

दौत_टाक

एका दीर्घकथेवर काम चालू आहे. नायक १९ वर्षांचा, युटाहमधल्या प्रोव्होचा. २०२४ चा उन्हाळा सरता सरता तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक म्हणून जपानमध्ये पोचतो आणि कथा त्याच्या पहिल्या चार-पाच महिन्यांची आहे. पांढरे शर्ट, काळ्या नावपट्ट्या, सायकलवरून जोडीनं फिरणारी पोरं एवढंच चित्र डोळ्यांपुढे आहे, आणि तेवढ्यावर काही कथा उभी राहत नाही.

चर्चचा इतिहास आणि सिद्धान्त यांवर वाचायला ढीगभर मिळालं. मला त्याच्या खालचं हवंय. दिवस किती वाजता सुरू होतो आणि कशात जातो? जोडीदाराला सोडून कुठेच जायचं नाही हे प्रत्यक्षात कसं जमवतात? खर्च कोण करतं? सायकलचं काय? जपानमध्ये पाहुण्यापुढे पहिला चहा येतो आणि यांना चहा वर्ज्य, मग काय करतात? घरी फोन करता येतो का? आणि मुख्य म्हणजे गोष्टी कुठे बिघडतात? सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाची कथा होत नाही.

शहर अजून पक्कं केलेलं नाही. नागोया किंवा साप्पोरो.

---

उंबरठा

शहरापासून सुरुवात करू. सायकल हवी असेल तर नागोया घ्या. साप्पोरोत डिसेंबर ते मार्च रस्त्यांवर बर्फ असतो, सायकल बाजूला पडते आणि भुयारी रेल्वे अन् पायपीट उरते. तुमच्या कथेचा शेवटचा भाग त्यातच जाईल.

आता दिवस. ६.३० ला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता. ८ ला स्वतःचा अभ्यास, ९ ला जोडीदाराबरोबरचा. परक्या भाषेत काम करणाऱ्याला वर अर्धा ते एक तास भाषा. नव्या माणसाला पहिले १२ आठवडे जोडीच्या अभ्यासाला आणखी एक तास. बेरीज केलीत तर तुमचा नायक साडेअकरा-बाराच्या आधी क्वचितच घराबाहेर पडेल. २०१७ पासून वेळापत्रक थोडं सैल आहे. मिशनचा (एका भागातल्या सगळ्या मिशनरींच्या गटाचा) प्रमुख स्थानिक सवयींप्रमाणे तास पुढेमागे करू शकतो, अभ्यासाचे तुकडे पाडता येतात. पण रात्री ९ ला परतणं, शिकवणं चालू असेल तर साडेनऊ, आणि १०.३० ला दिवे बंद, हा साचा तोच. जपानमध्ये याची अडचण अशी की नोकरदार माणूस घरी येतो आठ-नऊला. तो भेटण्याजोगा होतो तेव्हा यांची परतायची वेळ झालेली असते. दुपारी दार वाजवलं तर म्हातारी माणसं नाहीतर कोणीच नाही. म्हणून संध्याकाळी ५ ते ८ हे तीन तास सोन्याचे, आणि आठवड्याचं सगळं नियोजन त्यांच्याभोवती फिरतं.

जोडीचा नियम: एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं. झोपायची खोली एक, अंथरुणं वेगळी. सूट फक्त न्हाणीघराला, प्रमुखाच्या मुलाखतीला आणि बाप्तिस्म्याआधी डिस्ट्रिक्ट लीडर (काही जोड्यांवर लक्ष ठेवणारा मिशनरी) घेतो त्या मुलाखतीला. तिथेही जोडीदार दाराबाहेरच्या खुर्चीवर. जोडी निवडता येत नाही, नाकारताही येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची फेरी येते, तेव्हा कोण राहणार आणि कोण हलणार ते प्रमुख ठरवतो. प्रशिक्षण १२ आठवड्यांचं असल्यामुळे नव्याचा पहिला जोडीदार साधारण दोन फेऱ्या टिकतो. तुमच्या कथेच्या काळात म्हणजे दोन किंवा तीन जोडीदार होतील. त्यातला एक जपानी ठेवा. तिथे जपानी मिशनरीही असतात आणि अशी जोडी नेहमीची गोष्ट आहे.

आपापसात हाक आडनावानं: एल्डर अमुक, मुलींसाठी सिस्टर तमुक. काही आठवडे एका खोलीत झोपूनही जोडीदाराचं पाळण्यातलं नाव ओठांवर येत नाही. मुलग्यांची मुदत २४ महिने, मुलींची १८. मुलग्यांचं किमान वय २०१२ पर्यंत १९ होतं, तेव्हा ते १८ वर आणलं. तुमचा नायक १९ चा असेल तर शाळा संपल्यावर वर्षभर तो काय करत होता हे तुम्हाला माहीत असायला हवं.

बिघाड कुठे होतो? मोठ्या भांडणात नाही. बारीक गोष्टींत. एकाला अलार्म तीनदा पुढे ढकलायची सवय, दुसरा ६.२८ ला उभा. एक दारोदार जायला उत्सुक, दुसऱ्याला स्टेशनसमोर उभं राहून बोलणं सोपं वाटतं. आणि रुसून बाहेर निघून जायची सोयच नाही, कारण निघालात तर दुसऱ्याला तुमच्या मागे यावंच लागतं. आठवड्याच्या नियोजनाच्या बैठकीत शेवटी एकमेकांबद्दल काय खटकतं ते बोलायचं असतं, तसं कलमच आहे. दोन अबोल पोरं समोरासमोर बसून ते कलम कसं उरकतात, यावर एक प्रकरण सहज होईल.

---

मळलेली_वाट

वरच्या प्रतिसादाला +१. प्रोव्होबद्दल एक सुचवतो. जपानी शिकणाऱ्यांचं निघण्याआधीचं प्रशिक्षण सहसा प्रोव्होच्याच केंद्रात होतं, साधारण ९ आठवडे, त्यातला सुरुवातीचा भाग हल्ली घरूनच ऑनलाइन. नायक त्याच गावचा, म्हणजे त्याचं घर केंद्रापासून दहा मिनिटांवर आणि तरीही घरी पाऊल टाकायचं नाही. हे तुम्हाला आयतं मिळालंय. शिवाय व्हिसा लांबला तर मिशनरीला तोवर अमेरिकेतल्याच एखाद्या मिशनमध्ये कामाला लावतात. तेव्हा तो 'उन्हाळा सरता सरता' पोचण्याऐवजी नोव्हेंबरात पोचला तरी कोणाला खोटं वाटणार नाही.

---

तिरपी_चाकं

सायकल आणि सरकारी कागद यांवर लिहितो. इंग्रजीत मिशनरी आयुष्यावर जे लिहिलं जातं त्यात हा भाग जवळजवळ नसतो, आणि परदेशात दिवस खाणारा भाग हाच.

उतरल्यावर विमानतळावर रहिवासी कार्ड मिळतं. नारिता, हानेदा, नागोयाचा चुबू, ओसाकाचा कान्साई या मोठ्या विमानतळांवर जागच्या जागी छापून देतात. व्हिसा धार्मिक कार्याच्या वर्गातला. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा आणि पत्ता कार्डाच्या मागे छापून घ्यायचा. कार्ड कायम अंगावर हवं, नसलं तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. कार्ड जवळ असेल तर पासपोर्ट घेऊन हिंडायची गरज नाही. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला राष्ट्रीय आरोग्य विमाही लागू होतो, त्याचं कामही त्याच इमारतीत. डॉक्टरकडे गेल्यावर सहसा बिलाच्या ३० टक्के आपण भरायचे.

आता बदली. दुसऱ्या शहरात हलायचं तर जुन्या महापालिकेत 'जातोय' अशी नोंद करून दाखला घ्यायचा आणि नव्या ठिकाणी १४ दिवसांत 'आलो' अशी नोंद. एकाच शहरात घर बदललं तर एकच अर्ज. बदलीची बातमी येते जेमतेम काही दिवस आधी. कचेऱ्या सोमवार ते शुक्रवार, पाच-सव्वापाचपर्यंत. मिशनरींचा सुट्टीसारखा दिवस, ज्याला ते तयारीचा दिवस म्हणतात, बहुधा सोमवार. मग कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं आणि महापालिका हे सगळं सोमवारी. आणि जपानमध्ये अनेक सरकारी सुट्ट्या मुद्दाम सोमवारी आणलेल्या आहेत: जानेवारीचा दुसरा सोमवार, जुलैचा तिसरा, सप्टेंबरचा तिसरा, ऑक्टोबरचा दुसरा. तुमच्या कथेच्या काळात यातल्या दोन-तीन येतात. कचेरीच्या बंद काचेसमोर सुटातली दोन पोरं उभी, असं दृश्य हवं असेल तर १४ ऑक्टोबर २०२४ ची तारीख टाका.

फिरायला जायचं तर तोच सोमवार आड येतो. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, नागोयातलं तोकुगावा कलासंग्रहालयही त्यात आलं. नागोयाचा किल्ला सोमवारी उघडा असतो, पण मुख्य मनोरा २०१८ च्या मेपासून आतून बंद आहे. बाहेरून बघायचा आणि फोटो काढायचा.

सायकल. मिशनरी ती बहुधा स्वतःच्या पैशानं घेतो, नवी किंवा परत जाणाऱ्याकडून. दुसरा मार्ग स्वस्त आणि त्रासाचा. जपानमध्ये प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी लागते, फ्रेमवर छोटा स्टिकर असतो. शुल्क काहीशे येन, पण नोंद मालकाच्या नावावर आणि त्या त्या प्रीफेक्चरच्या (प्रांताच्या) पोलिसांकडे. जुन्या मालकाच्या हस्तांतराच्या चिठ्ठीशिवाय सायकल घेतली आणि रात्री पोलिसानं थांबवलं, तर नोंद निघते युटाहला परतलेल्या कोणा एल्डरच्या नावावर. अटक वगैरे होत नाही. अर्धा-पाऊण तास फुटपाथवर जातो आणि नऊ वाजून जातात. प्रीफेक्चर बदललं की नोंदणी पुन्हा करावी लागते.

रस्त्याचे नियम: वाहतूक डावीकडून, अमेरिकेच्या उलट. पहिले काही दिवस वळणावर चूक होते ती उजवीकडे वळताना, कारण हात आपोआप उलट्या लेनमध्ये नेतो. जोडीनं शेजारी शेजारी चालवायला बंदी, एकामागून एकच. छत्री धरून चालवायची नाही, रात्री पुढचा दिवा हवाच. हेल्मेट २०२३ च्या एप्रिलपासून सगळ्यांसाठी 'प्रयत्न करावा' अशा दर्जाचं, दंड नाही, पण मिशनरींना चर्चच्या नियमानं सक्तीचं. त्यामुळे रस्त्यावर हेल्मेट घातलेले मोठे लोक दिसले तर लांबूनच ओळखू येतं. आणि तुमच्या काळाला चिकटून बसणारी गोष्ट: १ नोव्हेंबर २०२४ पासून सायकल चालवताना फोन हातात धरण्याचे नियम कडक झाले, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाख येनपर्यंत दंड. नकाशा बघायचा तर थांबून, पाय टेकवून.

पुढे कोण? वाट माहीत असलेला पुढे असावा असं वाटतं, पण मग त्याला सारखं मागे बघावं लागतं आणि एका सिग्नलला दोघांची ताटातूट होते. हळू चालवणारा पुढे आणि वाट माहीत असलेला मागून ओरडून सांगणारा, हेच बरं चालतं.

पंक्चर. साध्या जपानी सायकलींना इंग्लिश व्हॉल्व्ह असतो, अमेरिकेतून आणलेला पंप त्यावर बसत नाही. त्या व्हॉल्व्हच्या आत रबराची बारीक नळी असते, ती वर्षभरात सुकते, चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. नवखा ट्यूब बदलत बसतो. खरं तर नळी बदलायची: व्हॉल्व्हची चकती सोडवायची, गाभा बाहेर काढायचा, जुनं रबर ओढून टाकायचं, नवं ओलं करून चढवायचं, परत घट्ट करायचं. पाच मिनिटांचं काम आणि सुटा भाग अगदी किरकोळ किमतीचा.

सायकल कुठेही लावली की पालिकेचा ट्रक उचलून नेतो आणि सोडवायला काही हजार येन लागतात. स्टेशनजवळच्या अधिकृत तळावर दिवसाला साधारण १०० येन. बऱ्याच प्रीफेक्चरमध्ये सायकलचा विमा सक्तीचा आहे, ह्योगोनं २०१५ मध्ये सुरुवात केली.

कपड्यांवर याचा परिणाम: पँट बैठकीला विरते, कोट मात्र नवा राहतो. म्हणून एका कोटाला दोन पँटी घेणारा शहाणा. उजव्या पायाला पट्टी बांधली नाही तर साखळीचं ग्रीस लागलंच. बूट घरूनच न्यावेत, कारण साध्या दुकानांत पुरुषांची मापं साधारण २८ सेंटिमीटरला संपतात. अमेरिकेतलं ११ नंबर म्हणजे २९. नाडीचे बूट टाळावेत, दिवसातून कितीदा काढायचे-घालायचे ते मोजा. आणि मोज्याला भोक नको.

अवांतर: बदलीला सामान स्वतः ओढत नेत नाहीत. ताक्क्यूबिन या घरपोच सामानसेवेनं सुटकेस आदल्या दिवशी रवाना करता येते, सहसा दुसऱ्या दिवशी दारात असते. त्या एका रात्रीपुरतं पाठपिशवीत ठेवायचं विसरलं की झाली पंचाईत.

---

दौत_टाक

व्हॉल्व्हच्या नळीसाठी खास धन्यवाद, ही कुठेच सापडली नसती. नागोया पक्कं केलं.

चहाचं आणि पैशांचं कोणी सांगेल का? आणखी एक: एकटी बाई दार उघडते आणि 'आत या' म्हणते, तेव्हा हे काय करतात?

---

कोरडा_शिधा

चहा. निषिद्ध आहे तो चहाच्या झाडाचा: काळा, हिरवा, सगळा. कॉफी, दारू, तंबाखूही. हिरव्या चहाबद्दल काहींच्या मनात शंका असायची, ती चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्पष्ट करून टाकली. जपानमध्ये याचा अर्थ: सेंचा, माचा, होजिचा (सगळे हिरवे चहाच) नाही, गेनमाइचा नाही, कारण भाजलेल्या तांदळाबरोबर त्यात हिरवी पानं असतात. चालतं ते मुगिचा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पाणी. सोबाचा, म्हणजे कुट्टूचं, तेही चालतं. उन्हाळ्यात घराघरात मुगिचाच गार करून ठेवलेलं असतं, त्यामुळे ऑगस्टमध्ये पेच कमी पडतात. ऑक्टोबर सुरू झाला की गरम हिरवा चहा पुढे यायला लागतो. तुमची कथा नेमकी त्याच वळणावर आहे.

फसगत बाटल्यांची होते. दुकानातल्या फ्रिजमध्ये तपकिरी रंगाच्या दहा बाटल्या, त्यात मुगिचा कोणती आणि ऊलोंग चहा कोणती हे रंगावरून कळत नाही, आणि कांजी ही जपानी चित्रलिपी अजून येत नाही. मिश्र धान्याच्या चहांत कधी हिरवी पानं असतात, घटकांची यादी वाचावी लागते. जस्मिन चहा म्हणजे फुलांचा काढा असं समजून घेतात, त्यात चहाची पानंच असतात. माचाच्या आइस्क्रीमवर मात्र मतभेद. बरेचजण टाळतात, काही खातात. एका जोडीत असे दोघं एकत्र आले तर तुमचं काम सोपं झालं.

नकार कधी द्यायचा हे कसं द्यायचं यापेक्षा महत्त्वाचं. कप समोर आल्यावर त्याला हात न लावणं यजमानाला खुपतं, आणि ओतलेला चहा परत नेणं त्याहून अवघड. म्हणून बूट काढतानाच, किटली चढायच्या आत सांगायचं: आम्ही चहा घेत नाही, पाणी चालेल. नवखा हे वाक्य पाठ करतो पण बूट काढण्याच्या गडबडीत म्हणायचं राहून जातं, आणि मग दहा मिनिटं वाफाळणाऱ्या कपासमोर बसायची पाळी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास: दोन जेवणं नाहीत, साधारण २४ तास, पाणीही नाही. नागोयाच्या उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर असतो आणि सायकल असतेच. आजारी माणसानं करू नये अशी मुभा आहे, पण १९ वर्षांचा मुलगा स्वतःला आजारी म्हणवून घेत नाही. सभा हल्ली दोन तासांची, २०१९ च्या आधी तीन तासांची असे.

पैसे. पगार नाही, उलट स्वतःचा किंवा घरच्यांचा खर्च. अमेरिकन मिशनरीच्या नावावर महिन्याला ५०० डॉलर जमा करायचे, जुलै २०२० च्या आधी ४०० होते. तो जपानला जावो की ग्वाटेमालाला, रक्कम तीच. चर्च ते एकत्र करून गरजेप्रमाणे वाटतं. घरभाडं मिशन भागवतं. मिशनरीच्या कार्डावर महिन्याला ठरावीक येन येतात, त्यात जेवण, तिकिटं, साबण. सायकल, कपडे, भेटवस्तू घरच्या पैशातून. हात आखडतो तो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. त्याचं कारण बहुधा जेवण नसतं, कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांतलं किरकोळ खाणं असतं. तांदूळ पाच किलोच्या पिशवीत, अंडी, टोफू, मोड आलेले मूग आणि संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात सवलतीचे स्टिकर चिकटवलेले डबे, यावर शहाणी जोडी महिना काढते.

---

तळटीप

एकट्या बाईचा प्रश्न. दोन एल्डर आत जात नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी एक प्रौढ पुरुष हवा किंवा घरात दुसरं प्रौढ माणूस. नसेल तर दारातच बोलायचं नाहीतर चर्चच्या इमारतीत यायला सांगायचं. सिस्टर मिशनरींना एकट्या पुरुषाबाबत हेच उलट लागू. जपानी घरात गोम अशी की बूट काढायची खोलगट जागा दाराच्या आत असते. थंडीत आजी दार लावून घ्यायला म्हणून दोघांना आत बोलावते आणि दोघं दारातच घुटमळतात. घरात वारं शिरतंय, आजी वैतागलीय, नियम पाळला जातोय. लहान मुलांना उचलून घेणंही टाळायचं असतं, गोंडस असली तरी.

आता जरा दुरुस्त्या, कारण जुनी माहिती फार फिरते. घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला, हा नियम २०१९ च्या फेब्रुवारीत गेला. आता दर आठवड्याला तयारीच्या दिवशी फोन, व्हिडिओ कॉल, मेसेज, ईमेल सगळं चालतं. वेळेचं गणित करून ठेवा: जपान युटाहच्या हिवाळ्यात १६ तास पुढे, उन्हाळ्यात १५. जपान घड्याळ बदलत नाही. सोमवारी सकाळी १० ला नायकानं फोन केला की घरी रविवारचे संध्याकाळचे ७ वाजलेले असतात, सगळे चर्चहून परतून जेवायला बसतायत. ३ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत घड्याळ मागे गेलं, म्हणजे ४ नोव्हेंबरच्या सोमवारी तोच १० चा फोन तिथे ६ ला वाजेल आणि कोणीच तयार नसेल. योगायोगानं ४ तारखेला जपानमध्येही सुट्टी होती, ३ चा संस्कृती दिन रविवारी आल्यामुळे.

फोन स्मार्टफोनच असतो, पण गाळणी बसवलेला, आणि जोडीदाराला पडदा दिसेल असा वापरायचा. भेटी, पत्ते, कोणाशी काय बोलणं झालं याची नोंद चर्चच्या अॅपमध्ये. पूर्वी ही जाड कागदी वही असे. जोडी बदलली तरी नोंद भागापाशी राहते, त्यामुळे नवा आलेला माणूस पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या एल्डरची टिपणं वाचू शकतो. चित्रपट, टीव्ही, प्रेमप्रकरण, पोहणं बंद. चर्चच्या भावनेला न शोभणारं संगीत बंद, पण कुठलं गाणं शोभतं यावर जोड्यांमध्ये वाद होतातच.

नावाबद्दल: २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव वापरायचा आग्रह धरला. तुमचा नायक दारात स्वतःला मॉर्मन म्हणणार नाही. तो त्याच नावाचं जपानी रूप 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाई' म्हणेल, आणि पहिल्या महिन्यात मध्येच अडखळेल. नावपट्टीही जपानीत असते. एल्डरला तिथे 'चोरो' म्हणतात, मुलींना 'शिमाई'.

---

गच्चीवरचा

दारांबद्दल थोडं. नव्या इमारतींना खालीच कुलूप लागलेलं दार आणि कॅमेऱ्याचा इंटरकॉम. वर जाताच येत नाही. त्यामुळे दारोदार जाणं जुन्या दोनमजली लाकडी वस्त्यांपुरतं उरलंय. स्टेशनसमोर उभं राहून पत्रकं देणं आणि चर्चच्या इमारतीतला फुकट इंग्रजी संभाषणवर्ग, हे जास्त उपयोगी. वर्ग आठवड्यातून एकदा संध्याकाळी, शेवटी अर्धा तास धर्माचं, ज्याला नको त्यानं उठून जावं. वर्गाला येणारे निवृत्त गृहस्थ वर्षानुवर्षं येतात, प्रत्येक नव्या एल्डरला तेच तीन प्रश्न विचारतात आणि बाप्तिस्मा घेत नाहीत. त्यांतला एक कथेत हवाच.

२०२४ चं जपान धर्मप्रचारकांकडे कसं बघतं तेही लक्षात असू द्या. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, मारेकऱ्यानं युनिफिकेशन चर्च या कोरियातून आलेल्या पंथावरचा राग हे कारण सांगितलं. त्यानंतर देणग्या उकळण्याविरुद्ध डिसेंबर २०२२ मध्ये कायदा आला. परक्या धर्माची पत्रकं घेऊन उभ्या असलेल्या कोणालाही त्याच माळेत ओवलं जातं, त्यात दारोदार जाणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार या दुसऱ्या पंथाशीही घोळ होतो. नकार मात्र चढ्या आवाजात नसतो. मान लववून 'केक्को देसु' (नको, राहू द्या), आणि इंटरकॉमचा खट् आवाज. नवख्याला पहिल्या आठवड्यात तो होकार वाटतो, कारण सूर फार गोड असतो.

---

दौत_टाक

शेवटचं विचारते. जोडीतला एक तापानं आडवा झाला तर दुसरा काय करतो? आणि रेल्वेत दार बंद होऊन एक आत, एक फलाटावर राहिला तर?

---

उंबरठा

ताप आला तर दोघंही घरात. धडधाकट माणूस औषध आणायला कोपऱ्यावर एकटा गेला तर तो नियमभंगच. एक दिवस असेल तर तो अभ्यास करतो, घर झाडतो, कचरा वेगळा करतो: जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे. वार आणि पिशवी पालिकेप्रमाणे वेगळी, चुकलं की पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि परदेशी माणसाच्या दारासमोरची पिशवी शेजाऱ्यांना बरोबर ओळखू येते. मग मिशनला कळवायचं, आजाराची चौकशी अनेकदा प्रमुखांच्या पत्नी किंवा नर्स मिशनरी करतात. तीन-चार दिवस लांबलं तर शेजारच्या जोडीशी अदलाबदल करतात: एक धडधाकट तिकडच्याबरोबर बाहेर, एक आजाऱ्यापाशी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाहुणचार संपतो आणि धडधाकट माणूस आजाऱ्यावर चिडायला लागतो. तो भाग लिहा.

रेल्वेचं आधी ठरवून ठेवायचं असतं. आत राहिलेल्यानं पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, हलायचं नाही. फलाटावरच्यानं पुढची गाडी पकडून त्याच स्टेशनवर उतरायचं. फक्त ती गाडी तिथे थांबते का ते बघायचं. साध्या गाडीमागून जलद गाडी आली आणि तो तिच्यात चढला, की ती ते स्टेशन सोडून पुढे जाते. मग दोघंही फोन काढतात आणि दोघंही एकमेकांना सांगतात, तू थांब, मी येतो.